जागा शिल्लक असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. कंटेनर सुरू होत नाही

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारे साधन) एक डेटाबेस, एक वेब सेवा आणि काही किरकोळ कामे चालतात, आणि त्याच यंत्रावर आम्ही वेब सेवेची इमेजही (ज्या साच्यावरून कंटेनर तयार होतो तो) बिल्ड करतो. काल सर्व्हर प्रतिसाद देईनासा झाला, म्हणून नियंत्रण पॅनेलवरून तो सक्तीने रीसेट करावा लागला. परत आल्यावर ‘कंपोझ डाउन’ (सगळे कंटेनर काढणे) करून ‘कंपोझ अप’ (ते पुन्हा तयार करून सुरू करणे) केले, तर एकही कंटेनर उभा राहत नाही. संदेश असा आहे: ‘मेकडिर /व्हार/लिब/डॉकर/ओव्हरले२/…-इनिट: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

गोंधळाची गोष्ट ही की ‘डीएफ -एच’ दिल्यावर त्याच पार्टिशनवर ३८ टक्के जागा मोकळी दिसते. पार्टिशन ४० जीबीचे असून फाइलसिस्टम एक्स्ट४ आहे. सहकाऱ्याचे म्हणणे आहे की ‘डॉकर सिस्टम प्रून -ए --व्हॉल्यूम्स’ ही वापरात नसलेले पुसणारी आज्ञा चालवून मोकळे व्हावे. डेटाबेस याच यंत्रावर असल्यामुळे मी अजून थांबलो आहे. काय करावे?

जुनाखांब

थांबलात हे उत्तम केलेत. प्रून ही आज्ञा चाचपणीची नव्हे, ती शेवटी आणि समजून-उमजून द्यायची असते. साठवणुकीच्या कोणत्याही एररमध्ये मी आधी दोनच गोष्टी पाहतो: नेमकी कोणती क्रिया फसली आणि ती कोणत्या पाथवर फसली. तुमच्या संदेशात दोन्ही स्पष्ट आहेत. ओव्हरले२ या फोल्डरात (इमेज आणि कंटेनर यांचे थर इथे साठतात) नवे फोल्डर तयार करताना कर्नलने नकार दिला. म्हणजे कंटेनरच्या आतले सॉफ्टवेअर, डेटाबेस, कॉन्फिगरेशन यांच्यापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. कंटेनरचा वरचा लिहिता थर बांधण्याआधीच काम अडले आहे.

आता जागेविषयी. कर्नलकडे या संदेशाचा एकच क्रमांक आहे, २८, आणि तो नुसते बाइट संपल्यावरच येतो असे नाही. एक्स्ट४मध्ये प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला एक इनोड, म्हणजे तिची नोंद ठेवणारी जागा, लागतो, आणि इनोडची एकूण संख्या फाइलसिस्टम तयार होतानाच कायमची ठरते. नेहमीच्या मांडणीत दर १६,३८४ बाइटांमागे एक इनोड मिळतो. या हिशेबाने तुमच्या ४० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे २६,२१,४४० इनोड असतील. गोदाम अर्धे रिकामे असले तरी आवक नोंदवहीची पाने संपली की नवा माल आत घेता येत नाही, तसे हे आहे. ज्या यंत्रावर लहान-लहान पॅकेजांचा ढीग असलेल्या इमेज बिल्ड होतात, तिथे माझा पहिला संशय यावरच असतो.

कृपया इनोडचा वापर दाखवणारी ‘डीएफ -आय’ ही आज्ञा चालवून त्याचा निकाल इथे द्या. तोवर काहीही पुसू नका.

रात्रपाळी

आपला अंदाज खरा ठरला. इनोडचा वापर १०० टक्के आणि शिल्लक शून्य दिसते आहे. ‘डीयू --इनोड्स’ ही आज्ञा एकेका फोल्डरवर चालवली, तेव्हा जवळपास सगळे इनोड ओव्हरले२ खाली सापडले. आता तरी प्रून करावे का?

थरावरथर

करा, पण सहकाऱ्याने सुचवलेले नव्हे. त्या एका ओळीत पाच वेगवेगळ्या गोष्टी एकदम पुसल्या जातात: थांबलेले कंटेनर, वापरात नसलेली नेटवर्क, कोणत्याही कंटेनरने न वापरलेल्या सगळ्या इमेज, बिल्ड कॅशे (बिल्ड करताना साठवलेले मधले थर) आणि कोणाला न जोडलेले व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी डेटाची साठवण). त्यांपैकी पहिली आणि शेवटची या परत न मिळणाऱ्या गोष्टी आहेत. थांबलेला कंटेनर गेला की त्याच्या लिहित्या थरात जे काही होते तेही जाते.

मला विशेष काळजी व्हॉल्यूमची वाटते, कारण तुम्ही ‘कंपोझ डाउन’ केले आहे. डेटाबेसच्या व्हॉल्यूमला कंपोझ फाइलीत नाव दिले आहे का? दिले नसेल, तर इमेजच्या डॉकरफाइलमधील ‘व्हॉल्यूम’ या ओळीमुळे डॉकरने निनावी व्हॉल्यूम तयार केला असेल. ‘डाउन’मध्ये कंटेनर काढला जातो, निनावी व्हॉल्यूम मात्र मागे बेवारस राहतो. अशा अवस्थेत व्हॉल्यूम्सचा पर्याय लावून प्रून केले, की डेटाबेस गेला. आवृत्ती २३ पासून ‘व्हॉल्यूम प्रून’ स्वतःहून फक्त निनावी व्हॉल्यूम पुसते, नाव दिलेल्यांना हात लावत नाही. हा बदल चांगल्यासाठीच आहे, पण तुमच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही; धोका नेमका निनावी व्हॉल्यूमलाच आहे.

‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ पाहा. ६४ अक्षरांचे लांबलचक नाव दिसले की तो बहुधा निनावी समजावा. ‘व्हॉल्यूम इन्स्पेक्ट’मध्ये माउंटपॉइंट मिळेल, त्या फोल्डरात डोकावून डेटाबेसच्या फाइली आहेत का ते डोळ्यांनी पाहा आणि तिथला सगळा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर केवळ ‘डॉकर बिल्डर प्रून’ चालवा. त्यात बिल्ड कॅशेच जातो, आणि तुमचे इनोड बहुतेक तिथेच अडकलेले असतील.

रात्रपाळी

आपण नेमके हेरलेत. डेटाबेसचा व्हॉल्यूम निनावीच होता आणि कुठल्याही कंटेनरला जोडलेला नव्हता. त्यातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतला, मग बिल्डर प्रून केले. इनोडचा वापर ४१ टक्क्यांवर आला. डेटाबेसला आता नाव दिलेला व्हॉल्यूम दिला आहे, जुना मजकूर त्यात ठेवला आणि तो व्यवस्थित सुरू झाला.

वेब सेवा मात्र अजूनही उठत नाही. तिचा संदेश वेगळाच आहे: ‘रीडलिंक /व्हार/लिब/डॉकर/ओव्हरले२/एल: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. आता जागाही आहे आणि इनोडही आहेत. मग हे कशामुळे?

जुनाखांब

हा संदेश जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाथ ‘एल’ या अक्षरापाशी संपतो. त्यापुढे एखादे नाव असायला हवे होते, ते नाही. सगळा उलगडा त्या नसलेल्या नावात आहे.

ओव्हरले२ खाली प्रत्येक थराचे एक फोल्डर असते. त्यात ‘डिफ’ या फोल्डरात थराचा खरा मजकूर असतो, ‘लिंक’ नावाच्या छोट्या फाइलीत त्या थराचे २६ अक्षरांचे आखूड नाव असते, आणि ‘लोअर’ नावाच्या फाइलीत खालच्या थरांची साखळी लिहिलेली असते. तीच आखूड नावे ‘एल’ या फोल्डरात सिंबॉलिक लिंक म्हणून ठेवलेली असतात. ही उठाठेव करण्याचे कारण असे की माउंट करताना कर्नलला देता येणाऱ्या पर्यायांचा मजकूर मेमरीच्या एका पानात, म्हणजे सहसा ४,०९६ बाइटांत बसवावा लागतो; प्रत्येक थराचा पूर्ण पाथ लिहिला तर बरेच थर असलेली इमेज त्यात मावणार नाही.

तुमचे यंत्र सक्तीने रीसेट झाले तेव्हा एखादी ‘लिंक’ फाइल तयार झालेली होती, पण तिच्यातील अक्षरे डिस्कवर पोचली नव्हती. फाइल शून्य बाइटांची राहिली. डॉकर ती वाचतो, रिकामे नाव ‘एल’ला जोडतो आणि त्या फोल्डरालाच सिंबॉलिक लिंक समजून वाचू पाहतो. फोल्डर ही लिंक नसल्यामुळे कर्नल ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे उत्तर देतो. डिस्क खराब असल्याची ही खूण नाही, आणि डॉकर पुन्हा इन्स्टॉल करण्याचेही कारण नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर ओव्हरले२ खाली दोन पातळ्यांपर्यंत ‘लिंक’ नावाच्या आणि शून्य आकाराच्या फाइली ‘फाइंड’ने शोधा. एखाद-दुसरी सापडेल. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे ज्या इमेजमध्ये तो थर आहे ती इमेज आणि तिच्यावर आधारलेला कंटेनर काढून टाकणे, आणि इमेज पुन्हा ओढणे किंवा बिल्ड करणे. इथे एक अडचण संभवते. तोच थर दुसऱ्या एखाद्या इमेजमध्येही असेल, तर पहिली इमेज पुसूनही थर जागेवरच राहतो. पुन्हा ओढताना ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असे दिसते आणि एरर जशीच्या तशी येते. तेव्हा तो थर वापरणाऱ्या सगळ्याच इमेज काढाव्या लागतात. रिकाम्या फाइलीत हाताने नाव भरून काम चालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते चालतेही, पण ज्या थराची एक फाइल अर्धवट राहिली त्याच थरातील बाकीच्या फाइली धड असतील याची हमी कोण देणार?

कंटेनर काढण्याआधी त्याच्या ‘इन्स्पेक्ट’मध्ये ‘अपरडिर’ (लिहित्या थराचे फोल्डर) काय आहे ते पाहा. कोणी आतमध्ये काही अपलोड साठवली असतील तर ती तिथे मिळतील. ती ‘सीपी -ए’ने बाजूला काढा. तिथे ०,० क्रमांकाची विचित्र कॅरेक्टर उपकरणे दिसली तर घाबरू नका. खालच्या थरातील एखादी फाइल पुसली गेली आहे, हे ओव्हरले त्या खुणेने लक्षात ठेवतो.

रात्रपाळी

शून्य बाइटांच्या दोन ‘लिंक’ फाइली सापडल्या, आणि दोन्ही वेब सेवेच्या इमेजमधील होत्या. मूळ पायाभूत इमेजसकट सगळे काढून पुन्हा बिल्ड केले. सेवा सुरू झाली. मनापासून आभार.

तळटीप

धागा उपयुक्त आहे, म्हणून माझाही प्रश्न इथेच विचारतो. माझ्याकडेही ‘नो स्पेस लेफ्ट’ येते, पण ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ दोन्हीकडे भरपूर शिल्लक दिसते. कंटेनर सुरू होतो आणि काही क्षणांत बंद पडतो.

थरावरथर

सुरू होऊन बंद पडत असेल तर एरर बहुधा कंटेनरच्या आतल्या प्रोग्रॅमला मिळते आहे, म्हणून ‘डॉकर लॉग्ज’ पाहा आणि पाथ किंवा क्रियेचे नाव शोधा. ‘इनोटिफाय’ किंवा ‘वॉच’ असा उल्लेख असेल तर फाइलींवर नजर ठेवणाऱ्या वॉचची मर्यादा संपली आहे. तेव्हाही कर्नल हाच क्रमांक २८ परत करतो, डिस्कशी त्याचा काही संबंध नसतो. होस्टवर ‘एफएस.इनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस’ वाढवले की काम होते. ही मर्यादा होस्टवरील वापरकर्त्यामागे मोजली जात असल्याने, एकाच वापरकर्त्याखाली चालणारे सगळे कंटेनर तिच्यात वाटेकरी असतात.

संदेशात ‘शेअर्ड मेमरी सेगमेंट’ असे शब्द असतील, तर कंटेनरातील /डेव्ह/एसएचएम भरले आहे. डॉकर ते मुळात ६४ एमबीचेच देतो, आणि समांतर क्वेरी चालवणाऱ्या पोस्टग्रेसला ते सहज अपुरे पडते. ‘--एसएचएम-साइझ’ वाढवावे. आणि पाथ /सिस/एफएस/सीग्रुपपासून सुरू होत असेल तर तिथे डिस्कच नाही, जुन्या ३.१० कर्नलवर सीग्रुप (कंटेनरच्या मेमरी वगैरेचा हिशेब ठेवणारी कर्नलची सोय) नीट मोकळे न झाल्याने हे घडत असे, आणि यंत्र रीस्टार्ट करून कर्नल नवा करणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

तळटीप

शेअर्ड मेमरीच निघाली. २५६ एमबी दिल्यावर सेवा टिकली. धन्यवाद.

कोरीपाटी

माझी तक्रार उलटी आहे. ‘डीयू’ने मोजले तर फाइली थोड्याच भरतात, आणि ‘डीएफ’ मात्र डिस्क पूर्ण भरली म्हणते.

जुनाखांब

कोणीतरी मोठी लॉग फाइल ‘आरएम’ने पुसली असणार, आणि जो प्रोग्रॅम ती उघडून बसला आहे त्याने ती सोडलेली नाही. ‘एलएसओएफ +एल१’ अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवते. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट झाला की जागा सुटते. पुढच्या वेळी लॉग फाइल पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ने तिथल्या तिथे रिकामी करावी.

मुळाशी जायचे तर डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल लॉग ड्रायव्हर स्वतःहून कोणतीही मर्यादा घालत नाही. बडबड्या सेवेचा लॉग डिस्क संपेपर्यंत वाढतच जातो. डॉकरच्या डिमन.जेसन या सेटिंगच्या फाइलीत ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ द्यावेत, किंवा ‘लोकल’ हा ड्रायव्हर वापरावा, जो मुळातच २० एमबीच्या ५ फाइलींवर थांबतो. मात्र ही सेटिंग्ज नव्याने तयार केलेल्या कंटेनरलाच लागू होतात. जुना कंटेनर नुसता रीस्टार्ट करून फरक पडत नाही, तो काढून पुन्हा तयार करावा लागतो. कितीतरी लोक इथेच फसतात आणि सेटिंग चालत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसतात.

कोरीपाटी

समजले. आणि ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असे आले तर? गेल्या महिन्यात दुसऱ्या एका यंत्रावर ते आले होते आणि रीस्टार्ट केल्यावर गेले.

जुनाखांब

गेले नाही, लपले. एक्स्ट४ला आतल्या नोंदींमध्ये विसंगती आढळली, तर आणखी नुकसान होऊ नये म्हणून बरीच यंत्रे ती फाइलसिस्टम केवळ वाचण्यापुरती पुन्हा माउंट करतात. कंटेनर सुरू न होणे हा त्याचा दूरचा परिणाम. अशा वेळी डॉकरच्या लॉगमध्ये वेळ न दवडता ‘डीमेसेज’ पाहावे. तिथे ‘एक्स्ट४-एफएस एरर’च्या आधी डिस्कच्या आय/ओ एरर दिसत असतील, तर दोष हार्डवेअरमध्ये किंवा आभासी डिस्कच्या मागच्या यंत्रणेत आहे; ‘स्मार्टसीटीएल’ने बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या पाहावी आणि आधी बॅकअप घ्यावा. ‘एफएससीके’ ही फाइलसिस्टम दुरुस्त करणारी आज्ञा फाइलसिस्टम अनमाउंट करूनच चालवायची असते. चालू फाइलसिस्टमवर ‘रीमाउंट’ करून पुन्हा लिहायला लावणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

ढगातून

कुबरनेटीसवाल्यांसाठी (अनेक यंत्रांवर, म्हणजे नोडवर, कंटेनर चालवणारी यंत्रणा) थोडेसे. तिथे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) ‘कंटेनर क्रिएटिंग’वर अडकला की ‘डिस्क्राइब पॉड’मधील घटना पाहाव्यात. ‘मल्टी-अटॅच’ एरर असेल तर एकाच नोडला जोडता येणारा व्हॉल्यूम अजून जुन्या नोडकडे आहे. जुना नोड खरोखर मेला आहे याची खात्री करूनच पुढे जावे, कारण तो नुसता संपर्काबाहेर असेल आणि लिहीत असेल, तर दोन बाजूंनी लिहिले जाऊन फाइलसिस्टमची वाट लागते. नोड नक्की बंद आहे हे कळल्यावर त्याला ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (नोडवरची खूण) लावला की व्हॉल्यूम सोडवला जातो. ही सोय आवृत्ती १.२८ पासून स्थिर आहे. ‘डिस्क प्रेशर’ दिसत असेल तर लक्षात घ्या की लिनक्स नोडवर क्यूबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) डिस्क पूर्ण भरण्याची वाट पाहत नाही. मुख्य फाइलसिस्टमवर १० टक्क्यांहून कमी जागा किंवा ५ टक्क्यांहून कमी इनोड उरले, की तो पॉड बाहेर काढू लागतो.

रात्रपाळी

पुन्हा मी. अशी वेळ परत येऊ नये म्हणून नवी डिस्क जोडून डॉकरचा सगळा पसारा तिच्यावर हलवायचा विचार आहे. एक्सएफएस घ्यावी असे वाचले. काही पथ्ये आहेत का?

थरावरथर

एक्सएफएस योग्य आहे, कारण ती इनोड गरजेप्रमाणे तयार करते. ‘एक्सएफएस_इन्फो’मध्ये ‘एफटाइप=१’ असल्याची खात्री करा; ते शून्य असेल तर ओव्हरले२ चालणार नाही, आणि ते नंतर बदलता येत नाही, फॉरमॅटच पुन्हा करावे लागते. नवी डिस्क नेटवर्कवरची एनएफएस नसावी. ओव्हरलेचा लिहिता थर एनएफएसवर चालत नाही.

माझा सल्ला असा की इमेज हलवण्याच्या भानगडीत न पडता नव्याने ओढाव्यात आणि फक्त व्हॉल्यूम हलवावेत. तरीही सगळेच हलवायचे असेल, तर डॉकर आणि कंटेनरडी (डॉकरच्या खाली प्रत्यक्ष कंटेनर चालवणारी सेवा) दोन्ही बंद करून रूट वापरकर्ता म्हणून ‘आरसिंक -एएचएएक्स’ वापरा. त्यातील शेवटचा एक्स महत्त्वाचा आहे. खालच्या थरातील एखादे फोल्डर पूर्ण झाकले गेले आहे ही गोष्ट ओव्हरले एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवतो. ती नोंद कॉपी झाली नाही तर पुसलेल्या जुन्या फाइली कंटेनरात पुन्हा प्रकट होतात, आणि तो घोळ एरर न देता होतो.

दुसरे असे की ‘डेटा-रूट’ (डॉकर आपला पसारा ठेवतो तो पाथ) बदलल्याने सगळे हलेलच असे नाही. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये कंटेनरडीची इमेज साठवण वापरात असेल, तर इमेज /व्हार/लिब/कंटेनरडी इथे असतात आणि डॉकरची ती सेटिंग त्यांना लागू होत नाही. कंटेनरडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रूट’ वेगळे बदलावे लागते. ‘डॉकर इन्फो’त कोणता साठवण ड्रायव्हर आहे ते आधी पाहून घ्या.

जुनाखांब

त्याला एक जोड देतो. यंत्र सुरू होताना नवी डिस्क माउंट होण्याआधीच डॉकर उठला, तर तो त्याच पाथवरील रिकाम्या फोल्डरात नवा संसार थाटतो: इमेज नाहीत, व्हॉल्यूम नाहीत, आणि नाव दिलेला डेटाबेस कोराकरकरीत. बाइंड माउंटमध्येही (होस्टवरचे फोल्डर कंटेनरात जोडणे) हेच घडते, कारण ‘-व्ही’ नसलेले फोल्डर मुकाट्याने तयार करतो. ‘--माउंट’ लिहिले तर तो निदान एरर देऊन थांबतो. म्हणून डॉकरच्या सिस्टमडी युनिटला (यंत्र सुरू होताना सेवा कशी उठवायची ते सांगणारी फाइल) ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’मध्ये नव्या डिस्कचा पाथ द्या. मग डिस्क नसेल तर डॉकर सुरूच होणार नाही. जुने फोल्डर लगेच पुसू नका. नाव बदलून ठेवा, ‘डॉकर इन्फो’त नवा रूट पाथ दिसतो का पाहा, यंत्र एकदा रीस्टार्ट करून सगळे कंटेनर उठतात का ते तपासा, आणि मगच जुना पसारा काढा.

रात्रपाळी

युनिटमध्ये ती ओळ घातली आणि चाचणी म्हणून डिस्क मुद्दाम न जोडता यंत्र सुरू केले. डॉकर सुरू झाला नाही आणि सिस्टमडीने माउंट अपयशी ठरल्याचे स्पष्ट सांगितले. डिस्क जोडल्यावर सगळे कंटेनर आपोआप उठले. जुने फोल्डर अजून नाव बदलून ठेवले आहे. पुढच्या बॅकअपनंतर काढीन.